मुसीतीरीची कोठी

हैदराबादेतील कोठी या वस्तीस जिच्यामुळे नाव मिळाले, ती रेसिडेन्सीची वास्तू मुसी नदीच्या उत्तर तीरावर आहे. इंग्रजांचा वकील जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने निजामाच्या द्रव्यसाहाय्याने ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारली.

२८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराने शहरातील हजारो प्राण घेतले. कोठी मात्र उभी राहिली. विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून पुढे उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय झाले. नदीस आवर बसला, तेव्हाच तिचे तीरही राखले गेले.

परंतु वास्तूंचा नाश केवळ पुरानेच होतो असे नाही. कोठीच्या आवारातील खैरुन्निसा बेगमेचा रंगमहाल नदीने नेला नाही; तो माणसांनी पाडला. तिच्या बागेत उरली ती कोठीची एक लहानशी प्रतिकृती. १९४९ पासून येथे महिला महाविद्यालय नांदले, तरी मूळ इमारत जीर्ण होत गेली. २००२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तिची गणना संकटग्रस्त वास्तूंत केली. दीर्घ प्रयत्नांनंतर २०२३ मध्ये ती पुन्हा खुली झाली.

नवे मंदिर बांधण्याहून जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक, असे आपली परंपरा मानते. नदीतीरीच्या प्रत्येक वास्तूस हाच न्याय लागू आहे.