अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा: कसा ओळखावा आणि डॉक्टरांकडे कधी जावे?

मुलगी नीट जेवत नाही, बारीक होत चालली आहे, तरी ‘मी जाड आहे’ असेच म्हणते. घरच्यांना वाटते, डाएटचे खूळ आहे, जाईल. पण वजन वाढण्याची भीती जेवणावर ताबा मिळवू लागली, तर तो हट्ट नसून अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हा आजार असू शकतो. तो बहुधा किशोरवयात किंवा तरुणपणी सुरू होतो आणि मुलग्यांनाही होतो. आपण आजारी आहोत हे रुग्णाला अनेकदा पटत नाही, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवणे महत्त्वाचे असते.

कोणती लक्षणे दिसतात?

- भात, तेल-तूप, गोड असे पदार्थ एकेक करून बंद होणे
- ‘बाहेर खाऊन आले’ सांगून जेवण टाळणे, डबा तसाच परत येणे
- उपवास अचानक वाढणे आणि उपवास सुटल्यावरही न जेवणे
- सतत वजन करणे, ढगळ कपडे घालणे, थकवा असतानाही व्यायाम न चुकवणे
- पाळी थांबणे, सतत थंडी वाजणे, चक्कर, बद्धकोष्ठता, केस गळणे, अंगावर बारीक लव येणे

आधी वजन जास्त असलेली व्यक्ती झपाट्याने वजन गमावते, तेव्हा ती बारीक दिसत नसली तरी धोका असतो.

कोणाकडे जावे?

सुरुवात फॅमिली डॉक्टर किंवा बालरोगतज्ज्ञांपासून करा. ते वजन, नाडी, रक्तदाब, ईसीजी आणि रक्तातील साखर, पोटॅशियम, फॉस्फरस तपासतात. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही, असे समजू नका. पुढे मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ मिळून उपचार करतात. केवळ भूक वाढवणाऱ्या टॉनिकने हा आजार बरा होत नाही. मूळ अडचण भीतीची आहे. किशोरवयीन मुलांच्या उपचारात आई-वडिलांचा सहभाग फार उपयोगी ठरतो.

तातडीने रुग्णालयात कधी न्यावे?

बेशुद्ध पडणे, छातीत दुखणे, जागेपणी नाडी मिनिटाला 50 पेक्षा कमी असणे, पाणीही न पिणे किंवा आत्महत्येचे बोलणे, यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नका.

घरच्यांनी काय करावे?

टोमणे, धाक आणि दिसण्यावरची चर्चा टाळा. ‘किती वाळलीस!’ हे काळजीचे वाक्यही तिला शाबासकीसारखे वाटू शकते. त्याऐवजी ‘तुला चक्कर येते, मला काळजी वाटते, आपण डॉक्टरांना भेटू’ असे सांगा. बरेच दिवस उपाशी असलेल्या व्यक्तीला एकदम भरपूर खाऊ घालू नका. त्याने रक्तातील क्षार धोकादायकरीत्या बिघडू शकतात, म्हणून आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवा.

भारतात टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर 24 तास सल्ला मिळतो. बरे व्हायला वेळ लागतो, पण उपचार लवकर सुरू झाल्यास पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते.