कपाटांच्या कडा

हैदराबादेत १८९१ साली स्थापन झालेले आसफिया ग्रंथालय १९३६ मध्ये मुसीकाठी अफझलगंजच्या भव्य वास्तूत आले; आज ते राज्य मध्यवर्ती ग्रंथालय होय. अशा वास्तूंची वर्णने पुष्कळ होतात, ग्रंथ जपणाऱ्या कपाटांची मात्र क्वचितच. जुन्या कपाटाची कड हाताळणीने प्रथम झिजते. तिची पट्टी मुळी त्यासाठीच असते. म्हणून पट्टी बदलावी, फळी तासू नये. पूर्वीचे सुतार ती सरसाने जोडीत. ऊब व ओल मिळताच सरस सुटतो. झिजला तेवढाच भाग तिरकस कापून त्याच जातीचे लाकूड सरसानेच बसवावे. आधुनिक चिकटद्रव्य सोयीचे खरे; परंतु पुढील दुरुस्तीच्या वेळी पट्टीबरोबर मूळ फळीही सोलवटते. रंगात थोडा फरक राहिला तर आमची हरकत नाही.