आधी कुलूप, मग कोठार

फायली परक्या यंत्रावर ठेवायच्या, पण त्या वाचण्याची सोय यंत्राच्या मालकाला द्यायची नाही, ही रीत क्लाउडच्या आधीची आहे. १९९१मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी हे कूटलेखनाचे सॉफ्टवेअर लोकांना खुले केले. अमेरिकेत तेव्हा प्रबळ कूटलेखनाची गणना निर्यातीवर निर्बंध असलेल्या शस्त्रांत होई. त्यामुळे त्यांची फौजदारी चौकशी झाली, ती १९९६मध्ये थांबली. त्याच वर्षी ट्रिजेल आणि मॅकेरस या प्रोग्रामरांचे आरसिंक हे साधन आले. फाइलचा बदललेला भाग तेवढा पाठवण्याची युक्ती त्यात होती. २००२च्या सुमारास ड्युप्लिसिटी या बॅकअप साधनाने हे दोन धागे जोडले: फरक काढायचा, तो आपल्याच संगणकावर कुलूपबंद करायचा आणि मगच दूर पाठवायचा. ॲमेझॉनचे एस३ हे क्लाउडमधले कोठार मात्र त्यानंतर, २००६मध्ये उघडले.

पीजीपी, आरसिंक आणि ड्युप्लिसिटी यांचा कोड कुणालाही वाचता येई. उघडा कोड म्हणजे निर्दोष कोड नव्हे, हा आक्षेप खरा आहे. ओपनएसएसएल या उघड्या कोडच्या कूटलेखन-सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड दोष २०१२पासून सर्वांसमोर होता आणि जाहीर झाला २०१४मध्ये. तरी त्याची दुरुस्ती कुणालाही तपासता आली. बंद सॉफ्टवेअरमध्ये कंपनीच्या शब्दावर विसंबावे लागते. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. पासवर्ड गेला तर बोर्ग किंवा रेस्टिक या उघड्या कोडच्या बॅकअप साधनांमधला कुलूपबंद संग्रह कुणीच उघडून देऊ शकत नाही. आईवडिलांचे फोटो कायमचे जातात. पण तुमच्या पासवर्डशिवाय संग्रह उघडू शकणारी कंपनी तो वाचूही शकते, आणि सरकारी आदेश आल्यास इतरांच्या हातीही देऊ शकते. म्हणून पासवर्ड कागदावर लिहून घरच्या दस्तऐवजांसोबत ठेवावा, असे माझे मत आहे.