बेकेलाइटची पेटी

जुन्या रेडिओची दुरुस्ती हा विषय वरवर पाहतां कारागिराचा वाटेल. परंतु त्यांत इतिहासाचाहि एक प्रश्न दडलेला आहे : जुन्या वस्तूंत किती राखावें आणि किती बदलावें? उदाहरणादाखल १९३४ सालीं इंग्लंडांतील साउथएंड-ऑन-सी येथील ई. के. कोल कंपनीनें बाजारांत आणलेला ‘एक्को एडी-६५’ हा संच घेऊं.

या संचाचें कवच बेकेलाइटचें आहे. मूळचा बेल्जियमचा रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यानें न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्स येथें १९०७ सालीं फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून हा पदार्थ सिद्ध केला. उष्णता व दाब यांच्या योगानें तो सांच्यांत एकदां घट्ट झाला कीं पुन्हा वितळत नाहीं. सुताराच्या हातच्या पेटीऐवजीं आतां सांच्यांतून एकसारख्या पेट्या निघूं लागल्या. तरी पुष्कळ कारखानदार त्यांना लाकडी पेटीचेंच रूप देत. वेल्स कोट्स या वास्तुशिल्पज्ञानें ही रीत सोडली. लाउडस्पीकर वाटोळा, तर पेटीहि वाटोळीच असूं द्यावी, असा त्याच्या आकृतीचा सरळ न्याय होता. केंद्रांच्या नांवांची तबकडी त्यानें लाउडस्पीकरवर कमानीसारखी बसविली. पण गंमत पाहा : काळ्या संचाबरोबर अक्रोडाच्या लाकडासारखा दिसणारा संचहि विक्रीस आला! नव्या पदार्थाला जुन्याचें सोंग घ्यावें लागलेंच.

असा संच आज हातीं आला, तर लगेच वीज जोडून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे. आंतील कागदी कंडेन्सर इतक्या वर्षांत ओलावा शोषून गळके झालेले असतात. मुंबईच्या दमट हवेंत तर विशेषच. शेवटच्या व्हॉल्व्हकडे आवाज पोंचविणारा कंडेन्सर गळूं लागला, म्हणजे त्या व्हॉल्व्हमधून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहतो व दुर्मिळ भाग जळून जातात. तारांवरील रबराचा हात लावतांच भुगा होतो. आंत शेंकडों व्होल्टांचा दाब असतो, आणि संच बंद केल्यावरहि कांहीं काळ वीज सांठून राहते. म्हणून हें काम जाणत्यानेंच करावें.

बाहेरच्या कवचाला तर याहूनहि जपावें लागतें. त्यावर घासकागद मुळींच फिरवूं नये. बेकेलाइटच्या पृष्ठभागीं राळेचा पातळ, तुळतुळीत थर असतो आणि त्याखालीं बहुधा लाकडाचा बारीक भुसा मिसळलेला असतो. तो थर एकदां गेला, कीं मूळची झळाळी परत येत नाहीं. ओलसर फडकें, सौम्य पॉलिश आणि पुष्कळसा धीर, एवढेंच तेथें पुरे.

कित्येक कारागीर जुन्या कंडेन्सरचें पोट रिकामें करून त्यांत नवा कंडेन्सर बसवितात. वरून सारें १९३४ सालचें दिसतें. ही लबाडी म्हणावी काय? मला तसें वाटत नाहीं. मात्र एक अट आहे. काय बदललें व केव्हां बदललें, हें चिठ्ठीवर लिहून, काढलेल्या भागांसह ती पेटींत ठेवावी. सांगून घेतलेलें सोंग पुढच्या माणसाची फसवणूक करीत नाहीं. न सांगितलेली दुरुस्ती मात्र इतिहासाचें एक पान गुपचूप बदलून टाकते.

कोणी विचारील, एवढा खटाटोप करून ऐकावयाचें काय? युरोपांतील अनेक देशांनीं मध्यम लहरींवरील प्रक्षेपणें बंद केलीं आहेत. तबकडीवरच्या कित्येक गांवांशीं कांटा जुळवला, तरी आतां केवळ खरखर ऐकूं येईल. पण कळ दाबल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू तापतात, तबकडी उजळते आणि अर्ध्या मिनिटानें पेटींतून पहिला आवाज येतो. तें अर्धें मिनिट वाट पाहणें हाहि त्या काळच्या ऐकण्याचाच एक भाग होता. आणि तो पुस्तकांत वाचून कळावयाचा नाहीं.