हवा कोणाची? ब्रॉडकास्टिंगच्या डिग्रीमागचा इतिहास

बारावीनंतर ब्रॉडकास्टिंग आणि डिजिटल कम्युनिकेशनची डिग्री घ्यायचा विचार करणारे बरेच जण हा पॉडकास्ट ऐकतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: रेकॉर्डिंग, एडिटिंग, अपलोड, सगळं फोनवर होतं, मग तीन-चार वर्षं कॉलेजात शिकायचं काय?

मी बीटेकवाला, दिवसभर कोड लिहितो. यंत्र कसं चालतं हे शिकायला डिग्री लागतेच असं नाही, हे मी सहज मान्य करेन. पण आपल्याकडच्या प्रसारणाचा इतिहास बघितला तर एक गोष्ट लक्षात येते. इथे यंत्रापेक्षा मोठा अडसर परवानगीचा होता.

सुरुवात मुंबईतूनच करू. १९२३ मध्ये इथल्या रेडिओ क्लबच्या हौशी लोकांनी प्रसारण सुरू केलं. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. कंपनी खासगी होती, पण पैशांचं गणित जमलं नाही आणि १९३० मध्ये ती बुडाली. मग सरकारने प्रसारण आपल्या हातात घेतलं. १९३६ मध्ये त्याचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. आणि गंमत बघा, नुसता रेडिओ ऐकायलाही लायसन्स लागायचं! स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं घरोघरी त्याची पुस्तिका असायची.

आता १९४२. 'चले जाव'चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. अशा वेळी २२ वर्षांच्या उषा मेहता शिक्षण सोडून चळवळीत उतरल्या. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ उभा केला. ४२.३४ मीटर, म्हणजे आजच्या भाषेत साधारण ७ मेगाहर्ट्झ. ट्रान्समीटर चालू झाला की त्याची दिशा शोधता येते, त्यामुळे सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन या घरातून त्या घरात फिरायचं. चिमूर आणि आष्टीत लोकांवर झालेले अत्याचार याच रेडिओने सांगितले. १२ नोव्हेंबर १९४२ ला छापा पडला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, त्या येरवड्याला गेल्या. सुटल्यावर पुन्हा शिकल्या, डॉक्टरेट केली आणि मुंबईत राज्यशास्त्र शिकवलं.

हा रेडिओ जेमतेम अडीच-तीन महिने चालला. ट्रान्समीटर उभा करणारे लोक मिळाले, सुटे भाग मिळाले. मिळाली नाही ती फक्त बोलायची मुभा.

स्वातंत्र्यानंतर सरकार आपलं झालं, पण माइक सरकारकडेच राहिला. त्यातून चांगली कामंही झाली. १९७५-७६ मध्ये 'साइट' या प्रयोगात नासाचा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही पोहोचवला गेला. अभ्यासक त्या गावांत जाऊन राहिले. लोक काय बघतात, त्यांना काय कळतं, काय कळत नाही, हे त्यांनी नोंदवलं. आज आपण ॲपच्या डॅशबोर्डवर व्ह्यूज मोजतो. ते लोक ओट्यावर बसून माणसांशी बोलत होते.

खरा टप्पा आला ९ फेब्रुवारी १९९५ ला. बंगाल क्रिकेट असोसिएशनच्या खटल्यात, म्हणजे मॅच कोणी दाखवायची या भांडणात, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे हवा सरकारच्या एकट्याच्या मालकीची नाही. तरीही विद्यार्थ्यांपर्यंत माइक यायला वेळ लागला. शिक्षणसंस्थांना कम्युनिटी रेडिओची वाट २००२ च्या धोरणाने मोकळी झाली आणि १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईत अण्णा विद्यापीठाचा अण्णा एफएम सुरू झाला. पुढे पुणे विद्यापीठातही विद्यावाणी आलं. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली, आणि साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी उभी राहिली. पण या केंद्रांना स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत. बातम्या द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून.

तुम्ही-आम्ही करतो त्या पॉडकास्टला असलं कुठलंच लायसन्स लागत नाही. उषाताईंनी ज्यासाठी तुरुंग भोगला, ते आपल्याला सिमकार्डसोबत मिळालं. म्हणूनच मला वाटतं, या डिग्रीचा खरा विषय कॅमेरा-माइक नाहीच. बातमी खरी आहे का हे कसं तपासायचं, कायदा कुठे अडवतो, कोणाची परवानगी घेऊन रेकॉर्ड करायचं, आणि ऐकणारा माणूस नेमका कोण, हा तो विषय आहे. पूर्वी चूक झाली तर अडवायला सरकार होतं, आता आपला हात आपणच धरायचा आहे. ते यूट्यूबवरचे ट्युटोरियल शिकवत नाहीत.

तेव्हा ॲडमिशन घेताना स्टुडिओ किती चकचकीत आहे हे बघू नका. तिथल्या सीनियर्सना तीन प्रश्न विचारा. कॉलेजचं स्वतःचं रेडिओ केंद्र किंवा नियमित प्रसारण आहे का? पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यावर बोलू देतात का? आणि मीडिया लॉ खरंच शिकवतात की नोट्स देऊन मोकळे होतात? तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर फॉर्म भरा. पहिल्या उत्तरालाच आढेवेढे घेतले, तर दुसरं कॉलेज शोधा.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!