हरेल त्याने पाजायची!

चार वर्षांतून एकदा हिवाळी ऑलिंपिक येतं आणि टीव्हीवर तो प्रकार दिसतो. एक माणूस बर्फावर घसरत घसरत दगड सोडतोय आणि दोघंजण त्या दगडाच्या पुढे जीव तोडून झाडू मारतायत. मग आपल्याकडे ठरलेला विनोद होतो, की आमची आई हे रोज करते, तिला कुणी मेडल दिलं नाही ते! या खेळाचं नाव कर्लिंग. मला मात्र त्यात रस वाटायला लागला तो मेडलमुळे नाही, तर एका जुन्या क्लबच्या नियमांमुळे.

२२ जानेवारी १८०७. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात मूळच्या स्कॉटलंडच्या वीस जणांनी, बहुतेक सगळे व्यापारी, गिलिस नावाच्या खानावळीत बसून कर्लिंग क्लब काढला. आता क्लब काढला म्हटल्यावर नियम आले. मला वाटलं, दगड केवढा, अंतर किती, पॉइंट कसे मोजायचे असलं काहीतरी असेल. छे! दर पंधरवड्याच्या बुधवारी चार वाजता जेवायला जमायचं. जेवणात खारवलेलं गोमांस आणि पालेभाजी. जेवण आणि वाइन मिळून माणशी साडेसात शिलिंगच्या वर खर्च जाता कामा नये, गेला तर दंड, चार बाटल्या वाइन (म्हणजे जास्त प्यायल्याची शिक्षा म्हणून अजून पाजायची. धन्य!). आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या दिवशी जी बाजू हरेल तिने व्हिस्की टॉडीचं मोठं भांडं टेबलाच्या मधोमध आणून ठेवायचं, ज्याला हवी त्याने घ्यावी.

खेळ कसा खेळायचा हे लिहायची गरजच नव्हती, कारण तो सगळ्यांना लहानपणापासून येत होता. आपण गोट्यांचे नियम कधी लिहून ठेवले होते का?

स्कॉटलंडमध्ये तळी गोठली की गावंच्या गावं बर्फावर उतरत. पेस्ली गावच्या एका नोटरीच्या दप्तरात १५४१ सालची लॅटिनमधली नोंद आहे: तिथल्या मठातल्या एका साधूने मठाधिपतींच्या नातेवाइकाशी बर्फावर दगड सोडायची पैज लावली. मॅच ठरली तर थेट नोटरीकडे नोंद! पण गावागणिक प्रकार वेगळा. कुठे आठ जणांची टीम आणि प्रत्येकी एक दगड, कुठे चौघं आणि प्रत्येकी दोन. दगडांचे आकारही नदीतून जसे मिळतील तसे. गावातल्या गावात हे चालतं, पण शेजारच्या गावाशी मॅच ठरली की वांधे. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे दुखणं चांगलंच माहीत आहे. दोन सिस्टिम आपापल्या जागी उत्तम चालतात, जोडायला गेलं की रडगाणं सुरू. शेवटी १८३८ साली एडिंबरात ग्रँड कॅलेडोनियन कर्लिंग क्लब स्थापन झाला आणि त्याने हळूहळू एकच नियमावली आणली. दगड साधारण १९ किलोचा, टीम चौघांची, प्रत्येकाला दोन दगड, झाडूने बर्फाचं घर्षण कमी केलं की दगड लांब आणि सरळ जातो, हे आज टीव्हीवर दिसणारं रूप त्याच वाटेने आलं. राणी व्हिक्टोरियाच्या कृपेने १८४३ मध्ये 'ग्रँड'चं 'रॉयल' झालं. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

मॉन्ट्रियलवाले मात्र हट्टी. ते दगड वापरतच नव्हते. तिथे आणि क्यूबेक शहरात लोखंडी ठोकळे चालायचे, तेही तीस किलोच्या आसपास किंवा त्याहून जड! स्कॉटिश सैनिकांनी तोफगोळे वितळवून पहिले ठोकळे ओतले अशी एक दंतकथा आहे. शेजारच्या ऑन्टारियोत ग्रॅनाइटचे दगड होते, काही गावांत तर मेपल लाकडाचे ओंडकेही. मग यांच्यात मॅच कशी होणार? कॅनडाची मुख्य शाखा १८५२ पासून मॉन्ट्रियलवाल्यांच्या हातात होती, आणि लोखंड की दगड यावरून कुरबुरी चालूच राहिल्या. अखेर ऑन्टारियोवाल्यांनी १८७५ च्या सुमारास आपली वेगळी चूल मांडली. क्यूबेकचं लोखंड पुढे थेट १९५० च्या दशकापर्यंत टिकलं. मला तर या हट्टाचं कौतुकच वाटतं.

पण टेबलाभोवतीच्या त्या वीस खुर्च्यांवर कोण होतं, हेही बघायला हवं. फ्रेंच बोलणारे स्थानिक शेतकरी काठावरून बघत होते. एकाने म्हणे घरी जाऊन सांगितलं, की काही स्कॉटिश लोक बर्फावर लोखंडी गोळे ढकलतात, ओरडतात, हसतात. मला वाटतं ते खरंच वेडे आहेत. आणि बायका? त्यांना आपला क्लब काढायला १८९४ साल उजाडलं, तोही मॉन्ट्रियलमध्येच. म्हणजे सत्त्याऐंशी वर्षांनी. पुरुषांच्या क्लबांचे किस्से वाचताना मजा येते, पण त्यांच्या घरी तेव्हा काय बोलणं होत असेल हे कुठल्या मिनिट्समध्ये नसतं.

कर्लिंग खऱ्या अर्थाने सगळ्यांचं झालं ते पश्चिमेच्या गवताळ प्रदेशात. तिथला हिवाळा लांबलचक, शेतं बर्फाखाली, हाताला काम नाही. गावोगावी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, आत बर्फ, आणि आठवड्याच्या ठरलेल्या संध्याकाळी लीग. शेतकरी, दुकानदार, मास्तर एकाच टीममध्ये. या भागातली सुरुवातीची एक मॅच १८७६ च्या डिसेंबरमध्ये विनिपेगला झाली. तिथेही हरणाऱ्यांनी द्यायचंच होतं, पण टॉडी नाही. एक पिंप ओटचं पीठ, आणि तेही गावातल्या हॉस्पिटलला.

मॉन्ट्रियलचा तो क्लब, आता नावात 'रॉयल' लागलेला, दोनशे वर्षं उलटून गेली तरी चालू आहे. साध्या क्लबच्या मॅचला आजही अंपायर नसतो. चुकून झाडू दगडाला लागला तर ज्याचा लागला त्यानेच सांगायचं. मॅच संपली की दोन्ही टीम एकाच टेबलावर बसतात. फक्त १८०७ चा नियम मधल्या काळात कधीतरी उलटा झालाय: आता पहिली फेरी जिंकणाऱ्यांनी पाजायची, हरणाऱ्यांची पाळी दुसरी.