कुंडीतला गिंको

डहाणू-घोलवडच्या वाड्यांतून तलासरीकडे जाणाऱ्या प्रवाशास चिकूची झाडे इतक्या परिचयाची झालेली असतात, की ती मूळची मेक्सिकोकडची आहेत, हे त्याला खरेही वाटू नये. घोलवडास चिकू १८९८ च्या सुमारास प्रथम लागला असे सांगतात, आणि २०१६ साली त्याच फळास या गावाच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. पाहुणा घरधनी झाला. मग याच प्रदेशात कोणी हौशी गृहस्थाने चीनचा गिंको वृक्ष कुंडीत लावून दिवाणखान्यात ठेवावयाचे म्हटले, तर त्यास यश का येऊ नये?

या वृक्षाचे कुळ फार पुरातन. त्याच्या भाऊबंदांच्या पंख्यासारख्या पानांचे ठसे आपल्या राजमहाल टेकड्यांच्या खडकांत उमटलेले आहेत. पुढे सारे भाऊबंद नष्ट झाले; एकच जात चीनमध्ये उरली, आणि तिला मंदिरांच्या आवारांत माणसांनी जपले. तेथून ती जपानात गेली. डच कंपनीचा वैद्य एंगेलबर्ट केम्पफर १६९० ते १६९२ या काळात नागासाकीस होता; त्याने १७१२ च्या आपल्या ग्रंथात या झाडाचे वर्णन केले, पण नाव लिहिताना एक अक्षर चुकले असावे. लिनियसने १७७१ साली तेच नाव कायम केले. वैद्यांच्या अक्षराची ख्याती जुनीच दिसते!

टोकियोच्या विद्यापीठात चित्रे काढण्याचे काम करणाऱ्या हिरासे याने १८९६ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की या वृक्षाच्या पुंबीजपेशी नेच्यांच्याप्रमाणे पोहत जातात. मोठमोठ्या पंडितांच्या दृष्टीस जे पडले नव्हते, ते एका चित्रकारास दिसले. १९४५ साली हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा सुमारे एक किलोमीटरवरील होसेन-जी मंदिर उद्ध्वस्त झाले. त्याच्या आवारातील गिंको मात्र होरपळूनही पुन्हा पालवला.

अशा चिवट वृक्षाने दिवाणखान्यात मान टाकावी, हे विलक्षण वाटेल. परंतु कारण साधे आहे. शरदात पाने सोनेरी करून गाळावीत, थंडीत निजावे आणि वसंतात जागे व्हावे, हा त्याचा क्रम. जपानी माळी त्याला लहानशा कुंडीत वर्षानुवर्षे वाढवतात खरे, पण ती कुंडी उघड्यावर असते. तिला ऊन आणि हिवाळा दोन्ही मिळतात. घरात प्रकाश अपुरा, मुळांशी पाणी साचलेले, आणि तलासरीच्या किनारी हवेत खरी थंडी नाही. चिकूची गोष्ट नेमकी उलटी: कडाक्याची थंडीच त्याला सोसत नाही.

गिंकोचे बी ओल्या वाळूत घालून दोन महिने शीतकपाटात ठेवले, तर ते येथेही रुजेल आणि पहिली दोन-चार पाने मोठ्या डौलाने उघडेल. पुढल्या वर्षी झाडासाठी एवढे कपाट कोठून आणावयाचे, हे ज्याने त्याने ठरवावे.